फिल्मवर तिप्पट, काउंटरवर अकरापट: कोणाचं खरं मानायचं?

जेलवाली

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथे वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या. विषय रुक्ष आहे. पण इथे ट्रॉम्बेची (भाभा अणुसंशोधन केंद्रातली), कृषी विद्यापीठांतली आणि परदेशी प्रयोगशाळांतली माणसं वावरतात हे माहीत असल्याने धाडस करतेय.

पुण्यात पीएचडी करते. एक प्रथिन डीएनएच्या एका ठरावीक तुकड्याला चिकटतं का आणि किती, हे बघायचंय. पद्धत जुनीच. तीस अक्षरांचा डीएनए तुकडा घ्यायचा, त्याच्या टोकाला कायनेज एन्झाइमने किरणोत्सर्गी फॉस्फरस-३२ लावायचा, प्रथिनाबरोबर वीस मिनिटं ठेवायचं आणि जेलवर पळवायचं. मोकळा डीएनए सुळकन खाली जातो, प्रथिनाचं ओझं घेतलेला वर रेंगाळतो. मग जेल फिल्टर पेपरवर वाळवून एक्स-रे फिल्मला चिकटवून, मागे इंटेन्सिफाइंग स्क्रीन लावून, कॅसेट रात्रभर उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये. सकाळी डार्करूममध्ये फिल्म धुतली तर दोन देखणे पट्टे.

फिल्म स्कॅन करून काळेपणा मोजला. मोकळा तीन, चिकटलेला एक. म्हणजे पाव भाग डीएनए चिकटला. मी खूश. नऊ दिवसांनी, काउंटर रिकामा होता म्हणून, त्याच जेलमधले दोन्ही पट्टे ब्लेडने कापले, कॉकटेलमध्ये (किरण लागला की चमकणाऱ्या द्रावात) टाकले आणि सिंटिलेशन काउंटरवर (ती चमक मोजणाऱ्या यंत्रावर) एकेक मिनिट मोजले. मोकळा ४१,२००, चिकटलेला ३,७१०, कोरी व्हायल (नुसत्या कॉकटेलची कुपी) ४०. म्हणजे प्रमाण अकरास एक! पाव भागाचे एकदम आठ टक्के झाले.

गाइड म्हणतात, फिल्म छापायची आहे तर आकडाही फिल्मचाच दे. चित्र एक सांगतं आणि आकडा दुसरं, हे परीक्षकांना आवडत नाही. मला झोप नाही.

कुंपणावरचा

मी बँकेतला माणूस. धागा उघडला तो शीर्षकात "काउंटर" दिसला म्हणून. किरणोत्सर्गी पदार्थ पुण्यात, टेबलावर, ब्लेडने कापायचा? ताई, तुम्ही घरी पीएमपीने जाता का? कोणत्या नंबरच्या, तेवढं सांगा. (ह. घ्या.)

ट्रॉम्बेआजोबा

जेलवाली, काउंटरचं खरं. आता झोप. कारण सकाळी लिहितो, डोळ्यात थेंब घातलेत.

बोरूबहाद्दर

आजोबांचा मान राखून विचारतो. फिल्म पहिल्या दिवशी लावली आणि मोजणी नऊ दिवसांनी केली. फॉस्फरस-३२ चं अर्धायुष्य (निम्मा विझायला लागणारा काळ) चौदा दिवस. मधल्या काळात बरंच काही विझलं असणार. मग काउंटरचा आकडा कमी येणार हे उघड नाही का? तफावत तिथेच आहे.

जेलवाली

@बोरूबहाद्दर, मीही आधी तेच धरलं होतं. अर्धायुष्य १४.३ दिवस, नऊ दिवसांत ६५ टक्के उरतं. पण दोन्ही पट्टे सारखेच विझणार ना? एकाच बाटलीतला फॉस्फरस आहे. ४१,२०० चे मूळ ६३ हजारच्या आसपास असतील, ३,७१० चे पावणेसहा हजार. भागाकार तोच.

बोरूबहाद्दर

बरोबर. शब्द मागे घेतो, चहा माझ्याकडून.

ट्रॉम्बेआजोबा

सुप्रभात. लांब लिहितोय, कंटाळा आला तर सोडून द्या.

तव्यावरची भाकरी एकदा करपून काळी झाली की आणखी पाच मिनिटं ठेवल्याने ती दुप्पट काळी होत नाही. फिल्मचं तेच. फिल्मवर चांदीच्या क्षाराचे बारीक कण पसरलेले असतात. बीटा कण (फॉस्फरस-३२ मधून सुटणारा वेगवान इलेक्ट्रॉन) किंवा प्रकाश लागलेला कण डेव्हलपरमध्ये काळा होतो. पट्ट्याखालचे बहुतेक कण एकदा खर्ची पडले की पुढे कितीही किरण येवोत, काळा रंग तोच. तुझा मोकळा डीएनए रात्रभरात करपला. फिकट पट्टा मात्र बिचारा अजून भाजतच होता. म्हणून अकराचे तीन झाले.

आता उलट बाजू, ही फार जणांना ठाऊक नसते. फॉस्फरस-३२ चा बीटा जोरकस, कमाल ऊर्जा १.७१ एमईव्ही (अणूंच्या ऊर्जेचं एकक). तो पातळ फिल्ममधून आरपार निघून जातो, वाटेत थोडीशीच ऊर्जा टाकतो. म्हणून पलीकडे कॅल्शियम टंगस्टेटचा स्क्रीन ठेवायचा. बीटा त्याच्यावर आपटतो, स्क्रीन चमकतो आणि तो प्रकाश मागे फिल्मवर येतो. काम पाच-दहा पट लवकर होतं. पण आता तू किरण नव्हे, प्रकाश टिपतेयस, आणि प्रकाशाचा हिशेब वेगळा. एका बीटाचा फटका कणाला पुरतो. एक फोटॉन पुरत नाही, काही फोटॉन लागोपाठ यावे लागतात. पहिल्या फोटॉनने चांदीचा एक अणू सुटा केला आणि दुसरा वेळेत आला नाही तर तो अणू पुन्हा क्षारात जिरतो. खोलीच्या तापमानाला हे सेकंदाच्या हिशेबात घडतं. उणे ७०-८० ला हे जिरणं मंदावतं, कॅसेट फ्रीझरमध्ये ठेवण्याचं कारण एवढंच. थंडीने किरणोत्सर्ग वाढतो असं सांगणारा एम.एस्सी.चा मुलगा मी मुलाखतीत पाहिलाय.

तरीही फारच फिकट पट्ट्याला फोटॉन इतके विरळ मिळतात की तो त्याच्या हक्कापेक्षा फिकट उमटतो. यावर इलाज म्हणून आम्ही कोऱ्या फिल्मला फ्लॅशगनचा हलका उजेड आधीच दाखवून ठेवायचो, समोर नारिंगी फिल्टर आणि फिल्टर पेपर लावून. कण उंबऱ्यावर आणून ठेवायचा, पुढचा एक फोटॉनही मग त्याला आत ढकलतो.

म्हणजे फिल्मवर दोन खोटी आहेत, दोन टोकांना. गडद पट्टा कमी दाखवला जातो, फिकटही कमी दाखवला जातो. मधल्या छोट्या टापूत ती खरं बोलते. तुझा प्रश्न एवढाच की तुझे पट्टे त्या टापूत होते का. नव्हते.

निळी_शाई

दंडवत आजोबा. वाचनखूण साठवली.

हायडलबर्गची_वहिनी

आजोबांनी रोग सांगितला, मी औषध सांगते. फिल्म सोडून दे, फॉस्फर प्लेट वापर. पुण्यात कुठल्या ना कुठल्या संस्थेत स्कॅनर असणार, गाइडना सांगून वेळ माग.

प्लेटवर बेरियम फ्लुओरोब्रोमाइडचे स्फटिक असतात, त्यात चिमूटभर युरोपियम. बीटा आला की स्फटिकातले इलेक्ट्रॉन उडून खाचांमध्ये अडकून बसतात. ऊर्जा साठलेली, दिसत काही नाही. नंतर स्कॅनर तांबडा लेसर एकेका ठिपक्यावर फिरवतो, अडकलेले सुटतात आणि सुटताना निळा प्रकाश टाकतात. तो मोजला की चित्र तयार. तांबडं द्यायचं, निळं घ्यायचं, म्हणून दोन्ही प्रकाशांची सरमिसळ होत नाही.

फायदा काय? फिल्मचा सरळ टापू जेमतेम शंभरपटीचा. प्लेटचा लाखपटीच्या घरात. तुझे अकरास एक म्हणजे प्लेटला किरकोळ. शिवाय वेळ फिल्मच्या दहावा हिस्सा, कधी त्याहून कमी. फ्रीझर नको, डार्करूम नको.

तीन गोष्टी मात्र लिहून ठेव. प्लेट वापरायच्या आधी लाइटबॉक्सवर भरपूर पांढऱ्या उजेडात पूस, आदल्या माणसाने पुसलीय असं धरून चालू नकोस. एक्स्पोज झालेली प्लेट उजेडात उघडी ठेवू नकोस, चित्र उडतं. आणि जेलवर पातळ प्लास्टिक असू दे, ओलं जेल थेट ठेवलंस तर प्लेट कायमची डागाळते आणि तिची मालकीण तुला आयुष्यभर विसरत नाही.

आणि फिल्म असो वा प्लेट, शेजारी मोजपट्टी हवीच. त्याच डीएनएचे पाऊणपट नव्हे, नेमके निम्मे-निम्मे करत सात-आठ पातळ द्राव कर. एकेक मायक्रोलिटर फिल्टर पेपरवर टिपके दे, वाळव, जेलच्या बाजूला ठेवून एकत्रच एक्स्पोज कर. टिपके कापून काउंटरवरही मोज. मग काळेपणा आणि काउंट यांचा आलेख काढ. तो जिथे आडवा पडतो तिथे तुझा पट्टा असेल तर गाइडना शब्दही बोलावा लागणार नाही, आलेख पुढे कर.

आगाऊ_कार्टं

मला कळत नाही, एवढा उपद्व्याप कशाला? फ्लुओरेसंट टॅग लावा, कॅमेऱ्यात बघा, घरी जा. किरणोत्सर्ग म्हणजे आजोबांच्या काळातलं प्रकरण. आमच्या कंपनीत तर रेडिओआयसोटोपची खोलीच बंद करून तिथे टेबल टेनिस ठेवलंय.

मुळाक्षर

@आगाऊ_कार्टं, टेबल टेनिसला शुभेच्छा. पण टॅग आणि आयसोटोप (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू) यांत मूलभूत फरक आहे. फ्लुओरेसंट टॅग म्हणजे रेणूच्या टोकाला बांधलेला भला मोठा फुगा. तीस अक्षरांच्या डीएनएला तो खपून जाईल, पण लहानशा औषधाच्या रेणूला किंवा ग्लुकोजला लावलात तर तो रेणू तो उरतच नाही. फॉस्फरस-३२ फॉस्फरसच्या जागीच बसतो. पेशीला रासायनिकदृष्ट्या पत्ताच लागत नाही की आत हेर शिरलाय. कार्बन-१४ आणि ट्रिटियमचं (किरणोत्सर्गी हायड्रोजनचं) तेच.

ही कल्पना ज्यांची, त्या जॉर्ज द हेवेशींचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे हंगेरीचे गृहस्थ, १९११ च्या सुमारास मँचेस्टरला रदरफोर्डकडे आले. खानावळवजा घरात राहायचे. त्यांना संशय की रविवारचं उरलेलं मांस मालकीणबाई आठवडाभर रूप बदलून वाढतात. बाई ठामपणे नाही म्हणायच्या. हेवेशींनी एका रविवारी ताटातल्या उरलेल्या मांसात किरणोत्सर्गी पदार्थाचा कण मिसळला. काही दिवसांनी जेवणाच्या टेबलावर इलेक्ट्रोस्कोप (किरणोत्सर्ग ओळखणारं साधं उपकरण) ठेवला, आणि त्या दिवशीच्या पदार्थाने उत्तर दिलं. आपल्याकडच्या मेसमध्ये हा प्रयोग केला तर इलेक्ट्रोस्कोप कमी पडतील.

गंमत बाजूला. १९२३ मध्ये त्यांनी बाकल्याची रोपं किरणोत्सर्गी शिशाच्या पाण्यात ठेवून शिसं मुळांत किती, खोडात किती, पानांत किती हे मोजलं. सजीवात ट्रेसर (माग काढायला वापरलेला किरणोत्सर्गी अणू) वापरण्याचा तो पहिला प्रयोग. मग १९३५ मध्ये उंदरांना फॉस्फरस-३२ दिला आणि दिसलं की हाडं म्हणजे एकदा बांधून झालेली भिंत नव्हे, फॉस्फरस तिथे सारखा येतो-जातो. १९४३ चं रसायनशास्त्राचं नोबेल या कामासाठी.

कुंपणावरचा

हे वाचून मी धाग्यावर मुक्कामाला आलो. मेसच्या प्रयोगाचा खर्च किती?

बोरूबहाद्दर

डीएनए दुप्पट कसा होतो हे मेसेल्सन आणि स्टाल यांनी किरणोत्सर्गी नायट्रोजन वापरूनच दाखवलं ना? बारावीला होतं.

मुळाक्षर

बारावीला होतं, पण किरणोत्सर्गी नव्हतं. १९५८ चा तो प्रयोग नायट्रोजन-१५ चा, तो स्थिर आयसोटोप, फक्त जड. त्यांनी डीएनए वजनावरून वेगळा केला, सीझियम क्लोराइडच्या द्रावात गरगर फिरवून. तुमच्या डोक्यात बहुधा हर्शी आणि चेस, १९५२ आहेत. त्यांनी विषाणूच्या डीएनएत फॉस्फरस-३२ आणि प्रथिनात गंधक-३५ घातलं. डीएनएत गंधक नसतं, विषाणूच्या कवचात फॉस्फरस जवळपास नसतो. म्हणून दोन वेगळ्या चिठ्ठ्या. विषाणू जिवाणूंना चिकटू दिले आणि स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये फिरवून बाहेरची कवचं झटकली. आत गेला तो मुख्यतः फॉस्फरस.

किरणोत्सर्गी डीएनए दुप्पट होताना पाहायचा असेल तर टेलर, १९५७. ट्रिटियम लावलेलं थायमिडीन (डीएनएचा एक घटक), मुळांची टोकं, वर फोटोग्राफीचं इमल्शन. आणि रोप? पुन्हा बाकला. हेवेशींचाच.

शेंगदाणा

अकोल्याहून. आम्हीही फॉस्फरस-३२ वापरायचो, पण जेलबिल नाही. खताला लावून जमिनीत वेगवेगळ्या खोलीवर द्यायचा, मग पानं खुडून मोजायची. कुठल्या खोलीवरची मुळं खरंच काम करतात ते कळतं. माती न उकरता मुळांचा नकाशा मिळतो.

माझी फजिती ऐका. पानाचा अर्क काढला, हिरवागार. सिंटिलेशन कॉकटेलमध्ये टाकला. काउंट अगदी कमी. मी निष्कर्ष काढला की झाडाने खत घेतलंच नाही. सर म्हणाले, झाडाने घेतलं, तुझ्या हिरव्या रंगाने प्रकाश खाल्ला. काउंटर किरण मोजत नाही, कॉकटेलमधले रेणू किरणाने चमकतात ती चमक मोजतो. आणि ती निळसर चमक हिरवट-पिवळा द्राव वाटेतच गिळतो. याला क्वेंचिंग म्हणतात. मग मी शहाणपणा करून हायड्रोजन पेरॉक्साइडने रंग उडवला. आता काउंट आभाळाला! नियंत्रण म्हणून ठेवलेल्या, खतच न दिलेल्या झाडाच्या पानातही हजारो काउंट. दोन दिवस मला वाटत होतं की पूर्ण प्लॉट दूषित झाला. शेवटी लॅबमधल्या मामांनी सांगितलं, "मॅडम, रॅक रात्रभर अंधारात ठेवा, मग मोजा." सकाळी काउंट कोऱ्या व्हायलवर आले. पेरॉक्साइड आणि कॉकटेल यांची आपसातली रासायनिक चमक होती ती, किरणोत्सर्गाचा संबंध नाही.

कोथळीगड

शेंगदाणा, ट्रॉम्बेचा टीएजी-२४ भुईमूग पण असाच ट्रेसरने केला का? आमच्या शेतात होता.

शेंगदाणा

नाही हो, नावावरून मलाच विचारणार हे माहीत होतं. ते उत्परिवर्तनाचं काम. किरणांनी बियाण्याच्या जनुकांत बदल घडवायचे, संकर करायचे, चांगलं ते निवडायचं. तिथे किरण हातोडा आहेत, इथे टॉर्च. तुमच्या शेंगदाण्यात किरणोत्सर्ग नव्हता.

ट्रॉम्बेआजोबा

शेंगदाणाताईंच्या पोस्टवरून एक. फॉस्फरस-३२ ला कॉकटेलची गरजच नसते. साध्या पाण्यात व्हायल ठेवा. या बीटाचा वेग पाण्यातल्या प्रकाशाच्या वेगापेक्षा जास्त असतो, म्हणून पाणी स्वतःच मंद निळसर चमकतं. याला चेरेनकॉव्ह प्रकाश म्हणतात. अणुभट्टीच्या तळ्यात दिसते तीच निळाई, इथे चिमूटभर. कार्यक्षमता चाळीस-पन्नास टक्के मिळते, कॉकटेलचा खर्च वाचतो, नमुना पुढे वापरता येतो, आणि रासायनिक चमकेचा त्रास नाही. रंगाचा त्रास मात्र राहतो. कार्बन-१४ आणि गंधक-३५ ला हे जमत नाही, त्यांचे बीटा मवाळ, त्या वेगाला पोचतच नाहीत.

जेलवाली, तुझ्या मोजणीत आणखी एक जमेची बाजू आहे. कायनेजने प्रत्येक डीएनए रेणूच्या टोकाला एकच फॉस्फरस लागतो. म्हणून काउंटचं प्रमाण हेच रेणूंचं प्रमाण. आणि हा बीटा इतका जोरकस की वाळलेल्या जेलचा तुकडा तसाच टाकला तरी जवळजवळ सगळं मोजलं जातं. हेच ट्रिटियमने केलं असतंस तर माझं उत्तर वेगळं असतं. त्याचा बीटा जेलमधून बाहेरच आला नसता, आधी तुकडा विरघळवावा लागला असता.

चूक किती, तेही लिही. ३,७१० चं वर्गमूळ ६१, म्हणजे दीड-पावणेदोन टक्के. मोठ्या पट्ट्याची अर्धा टक्का. तुझे अकरा फार तर इकडेतिकडे पाव होतील. तीन होणार नाहीत.

कुंपणावरचा

पण माझ्या पीएमपीचं काय?

हायडलबर्गची_वहिनी

हसण्यावारी नको, प्रश्न रास्त आहे. फॉस्फरस-३२ चा बीटा हवेत सहा मीटरपर्यंत जातो, पण एक सेंटिमीटर ॲक्रिलिकमध्ये संपतो. म्हणून काम ॲक्रिलिकच्या आडोशामागे. शिशाचा आडोसा लावावासा वाटतो, तो चुकीचा, कारण जोरकस बीटा जड धातूवर आपटला की एक्स-किरण तयार होतात. आधी हलकं, मग लागलं तर बाहेरून शिसं. खरा धोका बोटांना, बाटली हातात धरताना, म्हणून चिमटा आणि बोटातला किरण मोजणारा बॅज. शेवटी गायगर काउंटरने हात, कोट, बूट, नळाची चावी सगळं तपासून मगच बाहेर.

आणि तुमच्या स्वतःच्या अंगात पोटॅशियम-४० आहे, मोठ्या माणसात सेकंदाला चारेक हजार विघटनं. पीएमपीत तुमच्या शेजारी कोण बसतंय याचा विचार त्या माणसाने करायचा का?

आता माझा गुन्हा सांगते. हा गायगर फॉस्फरसला सच्चा, ट्रिटियमला आंधळा. ट्रिटियमचा बीटा हवेत सहा मिलिमीटरच्या आत दम तोडतो, गायगरची खिडकी ओलांडत नाही. पूर्वी एका लॅबमध्ये (नाव सांगत नाही) मी ट्रिटियमचं काम आटोपून टेबलावर गायगर फिरवला, गप्प होता, म्हटलं स्वच्छ. महिन्याने नियमाप्रमाणे ओल्या फिल्टर पेपरच्या चकत्यांनी टेबल पुसून त्या काउंटरवर लावल्या, तर टेबल, पेन, फ्रिजचा दांडा, सगळीकडे मी हिंडले होते. छातीवरच्या बॅजलाही ट्रिटियम दिसत नाही. तेव्हापासून "गायगर वाजला नाही" हे वाक्य कोणी म्हटलं की मी पहिलं विचारते, आयसोटोप कुठला?

आगाऊ_कार्टं

बरं, हेराची गोष्ट पटली. पण भारतात हे मिळवणं म्हणजे कागदांचा डोंगर ना?

ट्रॉम्बेआजोबा

कागद आहेत आणि असावेत. अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी, संस्थेत सुरक्षा अधिकारी, दर तिमाहीला बॅजची तपासणी. माल वाशीच्या ब्रिटकडून (किरणोत्सर्गी पदार्थ पुरवणारी सरकारी संस्था), आणि फॉस्फरस लावलेले न्यूक्लिओटाइड (डीएनएचे सुटे घटक) हैदराबादला त्यांच्या जोनाकी प्रयोगशाळेत व्हायचे, सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारात. बंगालीत जोनाकी म्हणजे काजवा. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण चपखल आहे. चौदा दिवसांत निम्मा विझणारा काजवा.

फॉस्फरस-३२ होतो कसा, तर गंधकातून. गंधकाच्या अणुगर्भावर न्यूट्रॉन आदळला आणि प्रोटॉन बाहेर पडला की त्याचा फॉस्फरस झाला. हेवेशींनी उंदरांसाठी हेच केलं, रेडियम आणि बेरिलियमच्या बाटलीने. आमच्याकडे अणुभट्टी होती एवढाच फरक.

हा माल साठवता येत नाही, हे बाहेरच्यांना कळत नाही. गाडी येणार त्या आठवड्यात घरी लग्न असो, बारसं असो. बायको म्हणायची, तुमच्या त्या पाहुण्याला माझ्या माहेरच्यांपेक्षा मान जास्त. आता ती नाही, नाहीतर हा धागा वाचून दाखवला असता.

कचऱ्याचं मात्र सोपं. दहा अर्धायुष्यं, म्हणजे साधारण पाच महिने, डब्यात ठेवायचा, हजारावा हिस्सा उरतो, मोजायचा, मग नियमानुसार टाकायचा. कार्बन-१४ चा डबा असा ठेवून चालत नाही. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं.

मुळाक्षर

अवांतर: धीर किती धरावा लागतो त्याचं उदाहरण. जॉन केर्न्स यांनी १९६३ मध्ये जिवाणूचं अख्खं गुणसूत्र ट्रिटियमने टिपलं. इमल्शनखाली दोन महिने! दोन महिन्यांनी उघडलं तेव्हा काळ्या ठिपक्यांची एक गोल माळ दिसली. गुणसूत्र वर्तुळाकार असतं याचं ते चित्र. ट्रिटियमचा बीटा आखूड पल्ल्याचा म्हणून वहिनींना छळतो, आणि त्याच आखूडपणामुळे ठिपका जिथल्या तिथे पडतो आणि रेघ बारीक येते. फॉस्फरसने हे चित्र काढलं असतं तर नुसता डाग दिसला असता.

निळी_शाई

धागाकर्त्या ताई, पुढे काय झालं? दोन आठवडे झाले.

जेलवाली

आले, आले. जुनं जेल कापून झालं होतं, त्यामुळे नवं करावं लागलं, आणि त्यासाठी नवा माल येण्याची वाट पाहिली.

वहिनींच्या सांगण्याप्रमाणे निम्मे-निम्मे करत आठ टिपके दिले. रात्रभर स्क्रीनसकट ठेवलेल्या फिल्मवर पहिले तीन टिपके डोळ्याला आणि स्कॅनरला सारखेच काळे! म्हणजे चारपट फरक फिल्मने गिळला. माझा मोकळ्या डीएनएचा पट्टा बरोबर त्या तिघांच्या रांगेत. शेवटचे दोन टिपके तर आलेखाच्या खाली घसरलेले, आजोबा म्हणाले तसे. त्याच जेलवर दुसरी फिल्म फक्त चाळीस मिनिटं ठेवली तर प्रमाण नऊस एक आलं. मग शेजारच्या संस्थेतून प्लेट मिळवली, दोन तास ठेवली: १०.६. शेवटी पट्टे कापून काउंटरवर: १०.९.

गाइडपुढे आलेख ठेवला. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, प्लेटचं चित्र छाप, आकडा काउंटरचा दे, आणि आलेख पुरवणीत टाक. मग हळूच विचारलं, "माझ्या २००३ च्या पेपरमधली फिल्म किती वेळ ठेवली होती, तुला कुठे नोंद सापडते का बघ."

आता नवा प्रश्न. प्लेटवर माझ्या दोन पट्ट्यांच्या बरंच वर, जवळजवळ नमुना भरायच्या खाचेपाशी, एक तिसरा फिकट पट्टा दिसतोय. फिल्मवर तो नाही. फिल्मला फिकट गोष्टी दिसत नाहीत हे आता कळलंय, म्हणून वाटतंय की दोन प्रथिनं एकाच डीएनएवर बसली असतील. गाइडही उत्साहात आहेत. कालपासून यावर वाचतेय, तिसऱ्या प्रकरणाचा मथळासुद्धा सुचलाय.

ट्रॉम्बेआजोबा

शाबास. तिसऱ्या पट्ट्याची जागा कापून काउंटरवर टाकलीस का?

जेलवाली

टाकली. ४३ काउंट. कोरी व्हायल ४१. मला वाटलं कापताना जागा चुकली.

हायडलबर्गची_वहिनी

जेलवाली, हा तिसरा पट्टा तुझ्या जेलच्या रेघांना समांतर आहे की किंचित तिरका?

जेलवाली

किंचित तिरका.

हायडलबर्गची_वहिनी

प्लेट पुसली होतीस?

जेलवाली

देणारी म्हणाली होती, कालच पुसलीय.